धरणाच्या चतुःसीमा

सकाळी ६:१०
सोसायटीच्या फळ्यावर काल रात्रीच खडूनं लिहिलं होतं, गुरुवारी पाणी येणार नाही. भाची पहाटेपासून भरून ठेवतेय. दोन बादल्या, एक पिंप, कुकर, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा. जावई साडेपाचलाच चाकणच्या कंपनी-बसनं पहिल्या पाळीला गेले. पुण्यातल्या वडगाव बुद्रुकातलं हे एक खोली-स्वयंपाकघर, भाडं १६,०००. मी कऱ्हाडहून डोळे दाखवायला आलोय. डॉक्टरांची वेळ उद्याची आहे. आजचा दिवस रिकामा, म्हणून तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं ठरवलं.

"तू धरणाचंच काम करतेस ना गं?"
"हो मामा. पण माझ्या धरणातलं पाणी नळाला येत नाही."

सकाळी ८:३०
गुरुवारी ऑफिस घरूनच चालतं. सहा माणसांचं ऑफिस, सिंहगड रस्त्यावर. जेवणाचं टेबल पुसून तिनं त्यावर लॅपटॉप मांडला. लॅपटॉप ऑफिसचा. शेजारचा मोठा स्क्रीन तिचा स्वतःचा, तपकीर गल्लीतून जुना घेतलेला, ४,२०० रुपयांना. माऊस ६५० चा, दोन वर्षांतला तिसरा. या कामात माऊसचं मधलं चाक आधी मरतं, असं ती म्हणाली. दिवसभर चित्र जवळ घ्यायचं, लांब न्यायचं, फिरवायचं. बोटाला घट्टा पडलाय. मी माझं बोट दाखवलं. माझा घट्टा रोट्रिंग पेनचा. आठ वर्षं झाली निवृत्त होऊन, अजून गेला नाही.

मी पाटबंधारे खात्यात होतो. १९८१ ला अनुरेखक म्हणून लागलो, २०१७ ला आरेखक म्हणून सुटलो. आयुष्य ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर आणि अमोनिया प्रिंटच्या वासात गेलं. म्हणून तिच्या स्क्रीनवर पहिली रेघ उमटली तेव्हा मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

सकाळी ८:५०
पुढच्या आठवड्यापासून एका गिऱ्हाइकाच्या जुन्या धरणाचं गणित करायचंय. त्याआधी साहेबांना कोयना करून हवंय. ज्या धरणाची उत्तरं जगाला माहीत आहेत ते आधी आपल्या हातानं करायचं. उत्तर जुळलं तर आपली पद्धत बरोबर. मग गिऱ्हाइकाच्या धरणाला हात लावायचा.

कोयनेची उत्तरं जगाला का माहीत, ते मला कुणी सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून गेलेले. मी आठ वर्षांचा. वडिलांनी मला गोधडीसकट उचलून अंगणात ठेवलं. भूकंपानं कोयनानगर जवळजवळ भुईसपाट झालं, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. धरण उभं राहिलं, पण त्याच्या उंच मोनोलिथना, म्हणजे उभ्या ठोकळ्यांना, दोन्ही अंगांना आडवे तडे गेले. पायथ्याच्या गॅलरीत भूकंपाचं यंत्र बसवलेलं होतं. जमीन कशी हलली ते त्यानं टिपून ठेवलं. खाली हादऱ्याची नोंद आणि वर तडे, दोन्ही एकाच धरणावर. असा जोड सहसा मिळत नाही. तेव्हापासून जगभरातले इंजिनीअर आपलं सॉफ्टवेअर कोयनेवर घासून बघतात.

सकाळी ९:१५
ती बिंदू टाकते, मी वाचून दाखवतो. टाच शून्य, शून्य. पायाची रुंदी ७०. उंची १०३. माथा १४.८. आणि ६६.५ मीटरवर गळा, तिथे रुंदी १९.२५. गळ्याच्या खाली उतार पसरट, वर एकदम उभा. हे धरण आधी दोन टप्प्यांत उंच करायचं होतं. काम चालू असताना एकदम पूर्ण उंचीचं करायचं ठरलं. खालचा भाग तोवर ठरून गेलेला, म्हणून वरचा त्यावर असा चढला. तडे त्या गळ्याशीच गेले. पुढे मागच्या अंगानं काँक्रीटचे टेकू दिले. पण ती करतेय तो छेद १९६७ चा. टेकू नाहीत.

सहावा बिंदू कुठल्याच कोपऱ्यावर नाही. पाण्याकडच्या उभ्या भिंतीवर, ९१.७५ मीटरवर.
"इथे कशाला? इथे तर काही वळत नाही."
"त्या दिवशीची पाण्याची पातळी. इथे बिंदू ठेवला नाही तर त्रिकोणाची कड पातळीच्या अर्धी खाली, अर्धी वर पडेल. आणि मी सांगितलं की ९१.७५ च्या खालच्या कडा पाण्याच्या, तर जी कड पूर्ण खाली नाही ती गळते. पाणी मीटर-दीड मीटरनं आपोआप उतरतं."

सहा बिंदू, सहा रेघा. मला हे काढायला शाई वाळण्यासकट अर्धा दिवस लागायचा. तिला पंचवीस मिनिटं.

सकाळी १०:००
आता खरं काम, असं ती म्हणते. नावं द्यायची.

संगणकाला धरण माहीत नाही, पाणी माहीत नाही. त्याला त्रिकोण माहीत. कुठला त्रिकोण काँक्रीटचा, कुठला खडकाचा, कुठल्या कडेला पाणी टेकलंय, कुठली कड उघडी आणि कुठली घट्ट धरलेली, हे माणसानं सांगायचं. आतल्या तुकड्यांना सबडोमेन म्हणतात, कडांना बाउंड्री. प्रत्येकाला एक नंबर. त्याला ही मुलं टॅग म्हणतात.

मला हे नवं वाटलं नाही. आम्ही छेदावर काँक्रीटला ठिपके आणि बारीक त्रिकोण काढायचो, खडकाला वेगळ्या रेघा मारायचो. आणि खरेदीखतात चतुःसीमा लिहितातच की. पूर्वेस अमुकचा गट, दक्षिणेस ओढा. चतुःसीमा चुकली की तीन पिढ्या कोर्टात.

तिनं वहीत यादी केली. काँक्रीट १. ओली भिंत ११, तिच्या वरची कोरडी १२, माथा १३, वरचा उतार १४, खालचा उतार १५, पाया १६. वहीत का, म्हणून विचारलं. स्क्रीनवरची यादी बदलते, वहीतली बदलत नाही, म्हणाली. वही वीस रुपयांची, शंभर पानी.

जाळं विणणारं सॉफ्टवेअर जीमेश. फुकट मिळतं. गणित करणारं फेनिक्स, तेही फुकट. कंपन्या वापरतात त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स लाखांत जातं, सहा माणसांच्या ऑफिसला ते परवडत नाही. जीमेशची एक खोड आहे. एका जरी भागाला नाव दिलं की मग फक्त नाव दिलेलंच ते फाईलमध्ये ठेवतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हिनं सगळ्या कडांना नावं दिली आणि आतल्या काँक्रीटला द्यायची राहिली. फाईल उघडली तर नुसती धरणाची आऊटलाइन. धरण गायब.

सकाळी ११:१०
साहेबांचा फोन. स्पीकरवर.
"टॅगिंग झालं का?"
"चालू आहे सर."
"अजून? नावंच तर द्यायचीत."
तिनं फोन ठेवला. चहा टाकला. दूध अर्धा लिटर ३० रुपये, ते सकाळी दोनदा चहा होऊन संपतं.

सकाळी ११:३०
जाळं विणलं. गळ्याशी अर्ध्या मीटरचे त्रिकोण, बाकी दीड मीटरचे. काही हजार त्रिकोण दोन सेकंदांत. इतक्या वेळात माझी पेन्सिल टोकाला आली नसती.

मग तिनं केलं ते मला फार आवडलं. प्रत्येक नंबरवर १ या आकड्याचं इंटिग्रेशन घेतलं. कडेवर १ ची बेरीज केली की लांबी येते, तुकड्यावर केली की क्षेत्रफळ. म्हणजे आमचा प्लॅनिमीटरच. ऑफिसात एकच होता, कपाटात कुलपात, किल्ली हेडक्लार्ककडे.

"थांब. आकडा सांगू नकोस," मी म्हणालो. भाजीच्या बिलाच्या मागे दोन समलंब चौकोन मांडले. खालचा, ७० आणि १९.२५ ची सरासरी गुणिले ६६.५. वरचा, १९.२५ आणि १४.८ ची सरासरी गुणिले ३६.५. बेरीज ३,५८९ चौरस मीटर.
तिनं स्क्रीन वळवला. ३,५८८.९७.
"तीन शतांश कमी-जास्त," मी म्हणालो, "पेन्सिल बोथट होती."

दुपारी १२:१५
पहिला रन. पाया १६ घट्ट धरला, ११ वर पाण्याचा दाब. तळाशी दर चौरस मीटरला जवळजवळ ९२ टन, वर पातळीशी शून्य. एक मीटर लांबीच्या धरणावर आडवा रेटा ४,२०९ टन. काँक्रीटचं वजन ९,४८६ टन. पायाशी आलेली उलट ताकद तेवढीच भरली. मग झोके. घट्ट धरलेल्या पायावर रिकाम्या धरणाचा पहिला झोका सेकंदाला साधारण तीन, असं पुस्तकातलं उत्तर. तिचंही तीनच्या आसपास आलं. तिनं वहीत बरोबरची खूण केली. गणिताला लागले चाळीस सेकंद.

दुपारी १:१०
भाकरी, मेथी, ठेचा. भांडी खरकटीच ठेवली, पाणी जपायचं. जेवताना सांगत होती. 'फायनाइट एलिमेंट' हे नाव अमेरिकेतल्या रे क्लफ यांनी १९६० च्या एका पेपरात पहिल्यांदा वापरलं. त्यानंतर लगेच त्यांनी आणि विल्सन यांनी जे खरं बांधकाम या पद्धतीनं तपासलं, ते तडा गेलेलं धरणच होतं, आर्कान्सामधलं नॉरफोर्क. मला बरं वाटलं. हे शास्त्र मोटारी-विमानांचं असेल असं मी धरून चाललो होतो.

पगाराचं मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. हातात ४६,०००. ऑफिस गिऱ्हाइकाला तासावर बिल लावतं. तो दर मात्र तिला माहीत नाही.

दुपारी २:००
आता खडक. धरण हवेत उभं नसतं. खाली शंभर मीटर, दोन्ही अंगांना शंभर-शंभर. २७० बाय १०० चा चौकोन, एका आज्ञेत तयार. सबडोमेन २. त्याला ताठपणा दिला, वजन शून्य.
"खडकाला वजन नाही?"
"तो आपल्या वजनानं कधीच बसून गेलाय. धरण बांधल्यावर पुन्हा कशाला बसवायचा? आणि भूकंपात या कापलेल्या चौकोनाला वजन दिलं की लाटा कडेवर आपटून परत येतात. खऱ्या डोंगरात त्या निघून गेल्या असत्या."
क्लफ यांचीच युक्ती आहे म्हणे. पण म्हणूनच १ आणि २ नीट वेगळे हवेत. एक नंबर चुकला की डोंगराला वजन येतं, नाहीतर धरणाचं जातं.

तिनं डाव्या कडेला २१, तळाला २२, उजवीला २३ दिलं. पाया आता बाहेरची कड राहिला नाही, दोघांच्या मध्ये गेला. म्हणून १६ ची चिठ्ठी काढून टाकली.

दुपारी २:३५
रन टाकला. धरणाचा माथा काही लाख किलोमीटर सरकला. म्हणजे चंद्राच्या वाटेवर.
मी हसलो. ती हसली नाही.

दुपारी ३:२०
अजून शोधतेय. चित्रात सगळं ठीक दिसतं. धरण खडकावर टेकलेलं आहे. ती जवळ जाते, आणखी जवळ, चाकाचा करकर आवाज येतो. पंखा फुल, तरी घाम. वीज गेली, पाच मिनिटांनी आली. राऊटरची बॅटरी जुनी, तो बंद पडून पुन्हा चालू झाला.

दुपारी ३:५०
सापडलं. पायाची रेघ एक नव्हती, दोन होत्या. धरणाची स्वतःची एक, सत्तर मीटरची. आणि तयार चौकोनाची वरची अखंड कड, दोनशेसत्तर मीटरची. बरोबर एकावर एक. डोळ्याला एकच दिसते, पण धरणाचे बिंदू वेगळे, खडकाचे वेगळे. एकमेकांशी संबंध नाही. धरण खडकावर ठेवलेलं, पण धरलेलं नाही.

दोन भावांनी सामाईक बांधावर आपापला बांध घालावा तसं. कागदावर शेजारी, बोलणं बंद.

उपाय एका ओळीचा. दोन्ही आकृत्या एकमेकींनी कापायच्या. खडकाची वरची कड तीन तुकडे झाली. डावीकडे जलाशयाचा तळ, मध्ये पाया, उजवीकडे मोकळी जमीन. मधला तुकडा दोघांचा, एकच. जलाशयाच्या तळाला तिनं २४ दिलं, तिथेही पाणी टेकतं. जमिनीला २५.

सायंकाळी ४:३०
रन गेला. माथा काही सेंटिमीटर सरकला, पाण्याच्या विरुद्ध दिशेला, हवा तसा. चित्र देखणं आलं. टाचेशी लाल, बाकी निळं. साहेबांना पाठवते म्हणाली. मी पाठ टेकली. खालच्या टपरीवरून दोन चहा आणले, १५ रुपयांचा एक.

सायंकाळी ५:०५
पाठवण्याआधी पुन्हा १ ची बेरीज. यादी ती मोठ्यानं वाचत गेली आणि मी बिलाच्या पाठीवर उतरवत गेलो. माझी सवय आहे, यादी आली की बेरीज मारायची. तिनं न सांगताच मी बाहेरच्या सगळ्या कडांची चक्कर आधी हातानं काढून ठेवली होती. ओली भिंत ९१.७५, कोरडी ११.२५, माथा १४.८, वरचा उतार ३६.७७, खालचा ८३.६५. जलाशयाचा तळ १००, डावी १००, खडकाचा तळ २७०, उजवी १००, जमीन १००. एकूण ९०८.२२.

तिच्या यादीची बेरीज ८०८.२२.

"शंभर कमी आहेत."
"नाही मामा."
"पोरी, शंभर कमी आहेत. एकवीस पुन्हा वाच."
तिनं वाचलं. एकवीस, ०.०.

ती बराच वेळ काही बोलली नाही.

सायंकाळी ५:२५
झालं होतं ते असं. आकृत्या कापल्या तेव्हा सॉफ्टवेअरनं रेघांचे क्रमांक नव्यानं लावले. जो क्रमांक आधी डाव्या कडेचा होता तो आता पायाच्या रेघेला गेला. तिची २१ ची चिठ्ठी क्रमांकाला बांधलेली, म्हणून तीही पायावर जाऊन बसली. पाया आतला आणि बेरीज फक्त बाहेरच्या कडांची, म्हणून शून्य. इकडे डावी कड बेवारस. तिला कुणी धरलं नव्हतं. उलट धरणाचा पाया आडवा जखडला गेला होता, जो मोकळा हवा होता.

आणि कुठेही लाल अक्षर नाही, इशारा नाही. बेनाव कडेबद्दल सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. तिच्यावर काही जोर नाही असं ते धरून चालतं आणि पुढे जातं. धरण चंद्रावर गेलं ते बरं, ती चूक ओरडली तरी. ही दुसरी देखण्या चित्रात बसली होती, आणि ते चित्र पाठवायला तिचं बोट बटणावर होतं.

सायंकाळी ५:५०
आता क्रमांकानं नाही, जागेनं पकडायचं. डावी कड म्हणजे जिथे आडवं अंतर उणे १०० आहे ती. "उणे १०० च्या आसपास" असं लिहावं लागतं, अगदी बरोबर म्हणून चालत नाही. संगणकात शेवटच्या दशांशाला कचरा असतो, तेवढ्यानं कड निसटते. अकरा ओळी लिहिल्या. मग प्रत्येक नंबराला वेगळा रंग देऊन चित्र काढलं, मला समोर बसवलं आणि बोट ठेवत विचारत गेली. हे काय? जलाशयाचा तळ. हे? कोरडी भिंत. हे? डावी, एकवीस. डोळे दाखवायला आलेल्या माणसाची तपासणी इथेच झाली.

सायंकाळी ६:२०
बेरीज ९०८.२२. खडक २७,०००. काँक्रीट ३,५८८.९७. रन चाळीस-पन्नास सेकंद. माथा पहिल्या रनपेक्षा जास्त सरकला, झोका जरा मंदावला. खडक थोडा दबतो, म्हणून तसंच व्हायला हवं. साहेबांना चित्र गेलं. उत्तरात अंगठा आला.

सायंकाळी ६:४५
टाइमशीट. तीत 'नावं देणं' असा रकाना नाही. 'मेशिंग' आहे, 'अ‍ॅनालिसिस' आहे. तिनं मेशिंगला पाच तास लिहिले, अ‍ॅनालिसिसला एक. दुपारी अडीच ते सव्वासहा यातलं बहुतेक कुठेच लिहिलं नाही. स्वतःच्या चुकीचे तास गिऱ्हाइकाला लावत नाहीत, आणि शोधलेल्या चुकीचे तास लावायला ऑफिसात जागा नाही. माझ्या मते ते तासच खरं काम होतं. पण मला कोण विचारतंय.

गिऱ्हाइकाच्या धरणात पाच प्रकारचं काँक्रीट आहे, दोन गॅलऱ्या आणि एक सांडवा. कडा किती, तिनं वहीत मोजायला घेतल्या. एकतीसवर थांबली.

रात्री ८:१०
पिंपात वीतभर पाणी उरलंय. जावई आले, हात-पाय धुवायला एक तांब्या मिळाला. जिना उतरून मी पाय मोकळे करायला खाली गेलो. फळ्यावर कुणीतरी कालची ओळ पुसून नवी लिहिली होती : उद्या शुक्रवारी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल.